लोण्यात मीठ कालवू नका

खानापूर तालुक्यातल्या एका वाचकानं विचारलंय: 'घुसळून घुसळून लोणी येईना, की आमची आजी दृष्ट लागली म्हणायची आणि डेऱ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. म्हणजे "लोणी" हे "लोण"वरून, मिठावरूनच आलं ना? आणि लोणी "आलं" म्हणावं की "निघालं"?'

मिठाचा काही संबंध नाही. बेळगावापासून निपाणीपर्यंत ही व्युत्पत्ती इतक्यांदा कानावर येते की आता चीड येते. 'लोण' लवणातून आलं, 'लोणी' नवनीतातून. नवनीत म्हणजे ताजं काढलेलं. घरच्या ताज्या लोण्यात मीठ असतं तरी कुठे?

खरी मौज 'न'चा 'ल' होण्यात आहे. प्राकृतात 'णवणीअ', 'णोणीअ', मग आपलं लोणी. लागोपाठ दोन अनुनासिकं आली की जीभ पहिलं बदलते. निंबाचा लिंब झाला तो असाच. दोन 'ल' आले तर उलट: लांगलाचा नांगर, ललाटाचं निढळ, ज्याचा घाम आपण गाळतो ते. नियम एकच, दोन्ही दिशांनी चालणारा. मला तर त्याची भुरळच पडली आहे. आणि दृष्ट उतरवण्याचा जुना शब्द बघा: निंबलोण, पुढे लिंबलोण. कडुलिंबाचा पाला आणि मीठ. यातलं लोण मात्र खरोखर मीठ! घोटाळ्याचं मूळ इथेच आहे, असं माझं ठाम मत.

आमच्या सीमाभागातले काही जाणकार लोणीही कन्नडमधून आणतात. तूप आणि कन्नड 'तुप्प' यांचं नातं कबूल. पण लोण्याला कन्नडात 'बेण्णे' म्हणतात, आमच्या बाजूला 'बेण्णी'. त्याचा मूळ अर्थ पांढरं तूप. त्यांनी रंगावरून नाव ठेवलं, आपण ताजेपणावरून. यात उसनवारी कुठून शोधली?

राहिली दृष्ट. थंडीत स्निग्धांश कडक राहतो, कण एकमेकांना धरत नाहीत. कोमट पाण्याचा हबका मारला की लोणी जमतं. उन्हाळ्यात तो मऊ पडतो, तेव्हा गार पाणी घालायचं. मीठ आमटीसाठी ठेवा.

आणि हो, घुसळताना लोणी ताकावर येतं. हातानं गोळा करून काढलं, की निघतं.