खुर्चीवर सरपंच, घरात सून

प्रश्न : मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका लहान गावाची सरपंच आहे. राखीव जागेवरून निवडून आले. ग्रामपंचायतीत मी खुर्चीवर असताना चुलत सासरे दाखल्यासाठी येतात, तेव्हा उठावं की बसून राहावं हेच मला कळत नाही. घरी त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेते. मध्यंतरी त्यांना घरपट्टीच्या थकबाकीची नोटीस गेली, त्यावर माझी सही होती. तेव्हापासून घरात अबोला आहे. माझाच स्वभाव भित्रा आहे का?

उत्तर : ताई, स्वभाव आधी बाजूला ठेवा. गावातली सगळ्यांत धीट बाई तुमच्या खुर्चीवर बसवली, तरी सासरे दारातून आत येताना तीही अडखळेल. ही अडचण तुमच्या मनात नाही, तुमच्या दोन जागांमध्ये आहे.

राल्फ लिंटन या मानवशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये माणसाच्या सामाजिक दर्जाचे दोन प्रकार सांगितले. जन्माने चिकटतो तो अर्पित, आपण मिळवतो तो अर्जित. सरपंचपद उघडच अर्जित. सून तुम्ही लग्नाने झालात, म्हणून समाजशास्त्राच्या वर्गात कोणी तेही अर्जित म्हणेल. पण उंबरठा ओलांडल्यावर घरातलं तुमचं लहानमोठेपण नवऱ्याच्या जन्मक्रमावरून ठरलं. तिथे तुमच्या कर्तृत्वाला काही जागा नव्हती. म्हणजे वागणुकीच्या दृष्टीने सुनेचा दर्जा अर्पितासारखाच चालतो, आणि तो वर्षानुवर्षं मुरलेला आहे. सरपंचाचा दर्जा कालचा. आपल्याकडे ७३ व्या घटनादुरुस्तीमुळे १९९३ पासून पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या, आणि महाराष्ट्रात २०११ साली एकूण जागांतल्या निम्म्या त्यांच्यासाठी राखीव झाल्या. सुनेने सासऱ्यांपुढे कसं वागायचं ते शिकवायला घरात चार जणी असतात. सरपंच असलेल्या सुनेने कसं वागायचं ते शिकवणारं कोण? ती रीत अजून पडायची आहे, आणि ती पाडण्याचं काम तुमच्यासारख्यांच्या वाट्याला आलं आहे. हे ओझं खरं आहे. त्याला भित्रेपणा म्हणू नका.

आता एक फरक नीट पाहू, कारण त्यावर उपाय अवलंबून आहे. ग्रामसेवकाला तुमच्याकडून एक हवं असतं, सदस्यांना दुसरं, पंचायत समितीला तिसरं. ही ओढाताण सरपंच या एकाच भूमिकेच्या आतली आहे. तिला भूमिका-ताण म्हणतात. तुमच्यातला सरपंच एक सांगतो आणि तुमच्यातली सून दुसरं सांगते, तो भूमिका-संघर्ष. तुमच्या नोटिशीचं दुखणं हे दुसरं आहे.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९५७ मध्ये पहिल्या प्रकारच्या, म्हणजे एकाच पदावरच्या ओढाताणीतून माणसं कशी वाट काढतात हे मांडलं. पण त्यातल्या दोन गोष्टी तुमच्याही उपयोगाच्या आहेत. पहिली, तुमच्यावर कोणकोणाच्या मागण्या आहेत हे त्या माणसांनाच दिसू द्यायचं. थकबाकीदारांची पूर्ण यादी ग्रामसभेत वाचा. आपल्या नावाच्या वर नि खाली कोण आहे हे सासऱ्यांच्या कानावर पडेल, आणि सुनेने आपल्यालाच वेगळं काढलं हा सल कमी होईल. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच जागेवर बसलेल्यांचा आधार. शेजारच्या गावांतल्या सरपंच बायकांना भेटा, त्यांच्या घरात काय झालं ते विचारा. मैत्रीण, आई, नवरा कितीही चांगले असले तरी हे त्यांना आतून कळणार नाही.

राहिला उठण्याचा प्रश्न. तुमच्या गावच्या जत्रेत दशावताराचं नाटक होत असेलच. त्यात लिहिलेली संहिता नसते. कोणतं आख्यान लावायचं, राजा कोण, राक्षस कोण एवढं ठरतं, आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतो. म्हणून त्याच आख्यानातला राजा दोन मंडळांत दोन तऱ्हांचा असतो. भूमिकाही अशीच असते, तिचा सांगाडा समाज देतो आणि बोलणं आपलं आपण रचायचं. समाजशास्त्रज्ञ रॅल्फ टर्नर यांनी १९६२ मध्ये यालाच भूमिका घडवणं म्हटलं. तेव्हा सासरे आत आले की खुशाल उठा, 'या, बसा' म्हणा, पाणी मागवा. मग खुर्चीवर बसून दाखल्याचे कागद इतरांचे तपासता तसेच तपासा. मान माणसाला द्यायचा, सूट मात्र कुणालाच नाही. कोण जाणे, एखाद दिवशी तेच म्हणतील, 'बस गो, तू आता सरपंच आसस.' नोटीस मात्र मागे घेऊ नका.

प्रश्न : मी मुंबईत नोकरी करतो. गणपतीला गावी गेलो की आरतीला टाळ माझ्या हातात देतात, पण वाडीच्या बैठकीत माझं मत कोणी विचारत नाही. मी वाडीतला की बाहेरचा?

उत्तर : दोन्ही. 'आपण' आणि 'ते' ही विभागणी समाजशास्त्रज्ञ विल्यम समनर यांनी १९०६ मध्ये मांडली, पण त्यांच्यातली रेघ प्रसंगागणिक सरकते. शेजारच्या वाडीशी वाद झाला तर तुम्ही वाडीचेच. पण विहिरीच्या पाण्याची पाळी किंवा पाखाडीच्या वाटेची डागडुजी ठरते, तेव्हा वर्षभर ते निभावणाऱ्यांचा आवाज मोठा असणार, आणि मला ते रास्त वाटतं. एखादं काम अंगावर घ्या, नुसती वर्गणी पाठवून भागणार नाही.

प्रश्न : मी अकरावीत आहे, मालवण तालुक्यात राहते. एसटीच्या थांब्यावर उभी असलेली माणसं हा समूह आहे का? किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारी? आणि बाई, हा समाजशास्त्राचा विषय सगळा परदेशातल्याच माणसांनी लिहिला का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते तुला घराजवळच मिळेल. समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये १८९३ मध्ये मालवणातच जन्मले. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला, १९२४ पासून तो घुर्यांनी सांभाळला, आणि १९५१ मध्ये भारतीय समाजशास्त्र परिषद उभी राहिली तीही त्यांच्याच पुढाकाराने. नावाजलेले समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास त्यांचे विद्यार्थी.

थांब्यावरची माणसं समूह नव्हेत, तो जमाव. एकाच जागी आहेत, पण एसटी आली की पांगतील. 'चाकरमानी' हाही समूह नव्हे, तो वर्ग. एकमेकांना न ओळखणारी, पण एकाच लक्षणाची माणसं. समूहाला तीन गोष्टी लागतात : आपसांतला नेहमीचा व्यवहार, आपण एक आहोत ही जाणीव, आणि कोणी काय करायचं याचे नियम.

आता रापण बघ. होडी जाळं टाकत अर्धवर्तुळ करून किनाऱ्याला येते, मग दोन्ही बाजूंच्या दोऱ्या माणसं ओढत आणतात. एक बाजू पुढे गेली तर मासळी निसटते, म्हणून दोन्हीकडच्यांचं लक्ष सतत एकमेकांवर असतं. मासळीचे वाटे आधीच ठरलेले असतात. हा समूहच. पण कोणता? समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०९ मध्ये कुटुंब, खेळगडी, शेजार यांना प्राथमिक समूह म्हटलं. तिथे माणसं समोरासमोर असतात आणि एकमेकांना पुरती ओळखतात. काम आणि नियमांपुरते जोडलेले ते दुय्यम समूह. रापणीत ओढणारे बहुधा भाऊबंद आणि शेजारी, पण वाटणी मात्र हिशेबाने. म्हणून तुझ्या पुस्तकातल्या कुठल्याही एका खान्यात ती बसत नाही, आणि परीक्षेतही असंच कारणासकट लिही.

प्रकल्पाला हाच विषय घे. वाटे कसे पडतात ते विचार. आणि त्याआधी हे विचार, की दोरीला हात न लावताही वाटा कोणाकोणाला मिळतो, आणि का.