धाकटी जाऊ काय म्हणाली, ते पत्रात नाही

प्रिय मावशी,

मी 36 वर्षांची, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षिका. लग्नाला 9 वर्षं झाली. पाळी कमी कमी होत गेली, तेव्हा कळलं की गर्भपिशवीचा टीबी आहे. औषधांचा कोर्स पुरा केला, दुर्बिणीतून पिशवीतली चिकटलेली जागा सोडवून झाली, पण अस्तर काही धरत नाही. आता पुण्याच्या डॉक्टर म्हणतात, बीजही संपत आलंय. मूल हवं तर दुसऱ्या बाईचं बीज, यांचे शुक्राणू आणि सरोगसी, म्हणजे बाळ तिसऱ्याच बाईच्या पोटात वाढवायचं. माझी धाकटी बहीण बीज द्यायला तयार आहे. सासूबाई म्हणतात, सरोगसीसाठी बाहेरची बाई कशाला, धाकटी जाऊ आहे की. ती 30 वर्षांची, तिला 4 वर्षांचा मुलगा आहे. तिला पुण्यात खोली घेऊन ठेवायचं, मी इकडे पोटाला उशी बांधायची, माझं डोहाळजेवण करायचं आणि दवाखान्यात तिला माझ्या नावाने दाखल करायचं, असं घरात ठरतंय. तिला पाटल्या करणार आहेत. हे म्हणतात, तू म्हणशील तसं. मला रात्र रात्र झोप नाही. माझ्या आईसारखे कुरळे केस माझ्या बाळाला असतील असं मी लहानपणापासून धरून चालले होते. बीज माझं नाही, पोट माझं नाही, मग त्या बाळाची मी कोण? आणि त्याला हे कधी सांगायचं की नाहीच सांगायचं?

तुमची एक वाचक

अगं,

तुझ्या पत्रात सासूबाई बोलतात, डॉक्टर बोलतात, बहीण बोलते, नवराही अर्धं वाक्य बोलतो. बोलत नाही ती फक्त तुझी जाऊ. जिच्या पोटात हे बाळ वाढणार, जिला घर सोडून परक्या खोलीत दिवस काढावे लागणार, तिचं एकही वाक्य तू लिहिलेलं नाहीस. ती हो म्हणाली का? कुणासमोर म्हणाली? सासू समोर बसलेली असताना धाकट्या सुनेने मान हलवायची म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. त्याच घरात तूही सून आहेस. म्हणून तुझ्या प्रश्नांआधी मी तिचा प्रश्न घेते.

तिच्याशी एकटीशी बोल. घरात नको, शाळेला सुट्टी असेल तेव्हा तिला घेऊन बाहेर पड. आणि काही विचारण्याआधी तिला नाही म्हणायची वाट करून दे. सरळ सांग, "तुला नको असेल तर घरात मी सांगेन की मलाच नको आहे, तुझं नाव येणार नाही." मग ती काय म्हणते ते मध्ये न बोलता ऐक. तिला स्वतःला दुसरं मूल हवंय का, हे कुणी विचारलंय? पहिलं बाळंतपण कसं झालं, सिझेरियन होतं का? तुझ्या दिराचं काय म्हणणं आहे? आणि तिचा मुलगा? 4 वर्षांच्या पोराला आईचं वाढतं पोट दिसतं. ते बाळ मोठ्या काकूकडे का गेलं, हे त्याला कुणी समजावलं नाही तर आई उद्या आपल्यालाही देऊन टाकेल, ही धास्ती तो कुणाला बोलूनसुद्धा दाखवणार नाही.

ती मनापासून तयार असेल तर आपण नेमकं काय करणार आहोत, हे तिला डॉक्टरांच्या तोंडून, तू किंवा सासूबाई खोलीत नसताना, ऐकायला मिळायला हवं. सरोगसीचा कायदा 2021 चा, 25 जानेवारी 2022 पासून लागू आहे. त्यानुसार सरोगट होणारी स्त्री विवाहित, स्वतःचं मूल असलेली, 25 ते 35 वयाची हवी आणि आयुष्यात एकदाच ती हे करू शकते. तिचं स्वतःचं बीज वापरायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे उद्या गावात कुणी थोरल्या दिराचं नाव तिच्याशी जोडून वाईटसाईट बोललंच, तर त्यात काडीचं तथ्य नसेल. गर्भ पोटात ठेवेपर्यंत ती कधीही मागे फिरू शकते. नंतरही तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येत नाही. तिचा 36 महिन्यांचा आरोग्य विमा तुम्ही काढायचा असतो, म्हणजे बाळंतपणानंतरच्या तक्रारीही त्यात आल्या. पाटल्यांचं मात्र सासूबाईंना स्पष्ट सांग. औषधपाणी, विमा आणि नियमात बसणारा खर्च सोडून मोबदला म्हणून काहीही देणं हा गुन्हा आहे, आणि त्याची शिक्षा तुम्हा नवराबायकोलाही होऊ शकते. शिवाय एकदा पाटल्या हातात पडल्या की तिला घरात तोंड उघडायची सोय राहत नाही, हे मला कायद्यापेक्षाही जास्त खुपतं.

आता उशीचं. सासूबाई दुष्ट आहेत असं मला वाटत नाही. वांझ म्हणून सुनेला कुणी बोलू नये, बारशात आणि हळदीकुंकवात तिला कुणी टाळू नये, यासाठी त्यांना सुचलेला हा उपाय आहे. पण तो करू नकोस. दुसऱ्याच्या नावाने बाईला दाखल करणं ही फसवणूक तर आहेच, जिवाशी खेळही आहे. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला, रक्त द्यायची वेळ आली आणि केसपेपरवर तुझा रक्तगट, तुझ्या जुन्या आजारांची नोंद असली तर काय होईल याचा विचार कर. आणि या सगळ्याची काही गरजही नाही. सरळ मार्गाने गेलात तर सरोगसी सुरू होण्याआधीच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून बाळाच्या पालकत्वाचा आणि ताब्याचा आदेश घ्यावा लागतो. त्या आदेशावरच जन्मदाखल्यात आई म्हणून तुझं नाव लागतं. खोटं नाव लावून तुम्ही जे मिळवू बघताय, ते कायदा तुला खऱ्या नावाने देतोय.

डोहाळजेवण मात्र होऊ दे. जिच्या पोटात बाळ आहे तिचं होऊ दे, आणि हिरवी साडी तू तिला नेसव. चार बायका कुजबुजतील. कुजबुजू देत. गाव एका विषयावर फार काळ टिकत नाही. पण उशी बांधून हसत फोटो काढलेस, तर तो फोटो आयुष्यभर तुझ्या भिंतीवर राहील, आणि आपलं पोर पोटावर टेकवून झोपवताना तुला तो बघवणार नाही.

बहिणीच्या बीजाबद्दल. तिचं मन मोठं आहे, पण तसं होणार नाही. स्त्रीबीज आता नोंदणीकृत बँकेमार्फत घ्यायचं असतं आणि दात्री कोण, ते जोडप्याला कळत नाही. मला स्वतःला हे बरंच वाटतं. ऑगस्ट 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. हा कायदा येण्याआधी एका बाईच्या धाकट्या बहिणीने तिला बीज दिलं, सरोगसीतून जुळ्या मुली झाल्या. पुढे नवरा मुलींना घेऊन वेगळा राहू लागला, ती बहीणही तिथेच, आणि बीज हिचं म्हणून मुलींची खरी आई हीच, असा दावा सुरू झाला. न्यायालयाने तो मानला नाही. बीज दिल्याने पालकत्वाचा हक्क येत नाही असं सांगितलं आणि आईला मुलींना भेटण्याची मुभा दिली. कायद्याच्या नजरेत तू कोण, याचं उत्तर तुला इथेच मिळालं असेल. आताचा कायदाही तेच म्हणतो: मूल जोडप्याचं, दात्रीचा त्याच्यावर हक्क नाही.

ती दात्रीही कुणाची तरी लेक आहे, हे विसरू नकोस. 23 ते 35 वयाची बाई, दहाबारा दिवस इंजेक्शनं घेणार, भूल देऊन तिचं बीज काढणार. आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त 7 बीजं, ही मर्यादा तिच्या शरीरासाठी घातलेली आहे. तिचाही 12 महिन्यांचा विमा असतो. उपचार केंद्रात हे सगळं पाळतात का, हे आधी विचार आणि मगच पैसे भर.

एक गोष्ट डॉक्टरांना विचारून घे. मार्च 2023 मध्ये सरोगसीत दात्याचं बीज वापरायला मनाई झाली होती. तुझ्यासारख्या कितीतरी जणींचं दार त्या दिवशी बंद झालं. काही जणी न्यायालयात गेल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये नियम बदलला: नवराबायकोपैकी एकाला दात्याचं बीज घ्यावं लागेल असा आजार असल्याचं जिल्हा वैद्यकीय मंडळाने प्रमाणित केलं तर एक बीज, म्हणजे स्त्रीबीज किंवा शुक्राणू, दात्याचं चालतं, दुसरं मात्र जोडप्यातल्या कुणाचं तरी हवं. तुझे टीबीचे आणि दुर्बिणीच्या तपासणीचे सगळे कागद त्यासाठी लागतील. एकही फाईल हरवू देऊ नकोस.

आता तुझा खरा प्रश्न, मी कोण. तू लिहिलंस की आईसारखे कुरळे केस धरून चालले होते. मला वाटतं तुझी झोप तिथे अडलेली आहे. तुझं काहीतरी गेलंय आणि ते गेल्याबद्दल तुला घरात कुणी रडूही दिलेलं नाही. टीबी झाला, औषधं झाली, लगेच पुढचा उपाय, त्यापुढचा उपाय. कधी न झालेल्या त्या कुरळ्या केसांच्या लेकरासाठी रडून घे, नवऱ्यासमोर रड. ते रडणं राहून गेलं तर येणाऱ्या बाळाच्या तोंडाकडे बघताना तू रोज त्याला दुसऱ्या कुणाशी तरी ताडून बघशील, आणि त्यात त्याचा काय दोष? मन हलकं झाल्यावरही आतून नकोच वाटत राहिलं, तर तेही ऐक. यात नवऱ्याचं रक्त असेल आणि तुझं नसेल, ही विषमता काही जणींना सोसते, काहींना सोसत नाही. दत्तकात दोघेही सारखेच असतात. तुमच्या दोघांच्या वयाची बेरीज 85 च्या आत असेल तर 2 वर्षांच्या आतल्या बाळासाठीही कारा या केंद्रीय संस्थेकडे नाव नोंदवता येतं. यादी लांब आहे, थांबावं लागेल. नाव घालायचंच असेल तर उशीर करू नकोस.

पण तुझी तयारी झाली, तर तू त्या बाळाची आई आहेस, एवढं मी छातीठोकपणे सांगते. ते या जगात यावं असं सगळ्यात आधी तुला वाटलं. तुला वाटलं नसतं तर दात्रीचं बीज आणि तुझ्या नवऱ्याचे शुक्राणू कधी एका जागी आलेच नसते. पुढची जागरणं, लसी, गोवर, पहिलीतला रडका जून, सगळं तुझ्याच वाट्याला येणार आहे.

आणि त्याला सांगायचं का? हो. लवकर सांगायचं. केंब्रिज विद्यापीठाच्या सुसान गोलोम्बॉक यांनी दात्याच्या बीजातून आणि सरोगसीतून झालेल्या मुलांचा बाळपणापासून विशीपर्यंत पाठपुरावा केला. मुलं चांगली वाढली होती, घरंही सुखी होती. ज्यांना सातव्या वर्षाआधी सांगितलं होतं त्यांचं आईशी नातं अधिक चांगलं होतं. तेवढ्या वयात मूल हे सहज घेतं. माझ्या पिशवीला बरं नव्हतं, म्हणून एका अनोळखी बाईने बी दिलं, काकूने पोटात जागा दिली आणि आम्ही तुझी वाट बघत होतो, एवढं पुरतं. तान्हं असतानाच हे बोलायची सवय कर. ऐकणाऱ्याला काही कळत नसतं, पण तुझी जीभ अडखळायची थांबते. तुझ्या घरात तर हे लपणारही नाही. बाळाला पोटात वाढवणारी काकू, पोट आठवणारा चुलतभाऊ, सगळे त्याच अंगणात असतील. कुठल्यातरी लग्नात एखाद्या आत्तेच्या तोंडून पंधराव्या वर्षी कळण्यापेक्षा तुझ्या मांडीवर कळू दे.

जाऊ नाही म्हणाली तर ते तिथेच संपव. तिला पुन्हा विचारायचं नाही, कुणाला विचारूही द्यायचं नाही. कायद्याला सरोगट नात्यातलीच लागते असं नाही, स्वेच्छेने तयार असलेली स्त्री चालते. पण पैसे घेऊन बाई मिळवून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस. शाळेतल्या रजेचीही आधीच लेखी चौकशी कर. 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरोगसीतून आई झालेल्या एका प्राध्यापिकेचा प्रसूती रजेचा हक्क मान्य केलेला आहे.

राहिले तुझे यजमान. "तू म्हणशील तसं" हे ऐकायला समजूतदार वाटतं, पण त्याने सगळं ओझं तुझ्यावर येतं. यात शुक्राणू त्यांचे आहेत, आई त्यांची आहे, धाकटा भाऊ त्यांचा आहे. उशी नको, खोटं नाव नको, पाटल्या नकोत, हे सासूबाईंना त्यांनी सांगायचं. दत्तक, सरोगसी की दोघंच राहायचं, यातलं त्यांना स्वतःला काय हवंय, ते त्यांनी एकदा पूर्ण वाक्यात तुला सांगितलं पाहिजे. हे पत्र त्यांना वाचायला दे. त्यांना मला काही लिहायचं असेल तर जरूर लिहू देत, मी उत्तर देईन.

तुझी मावशी