कॅनडात अकाउंट्सचं काम: पगाराआधी कोड बघा

तुम्ही विचारलंय की बी.कॉम. आहे, सहा वर्षं टॅली आणि जीएसटी रिटर्न्स केलीत, तर कॅनडात अकाउंट्स असिस्टंटचं काम मिळेल का आणि पगार किती. मी २०१९ पासून ओंटारिओत हेच करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कोड. इथे प्रत्येक कामाला एनओसी नंबर आहे (ना-हरकत पत्र नव्हे, सरकारच्या व्यवसाय-यादीतला कोड). अकाउंटिंग क्लार्क १४२००, टीअर ४ (टीअर म्हणजे कामाला लागणाऱ्या शिक्षण-अनुभवाची पातळी; आकडा मोठा तशी पातळी खालची). हा अनुभव एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे कायम वास्तव्यासाठीच्या गुणांवर चालणाऱ्या अर्जपद्धतीत, धरतच नाहीत. बुककीपर १२२००, टीअर २, चालतो. पेरोलवाल्यांचा (पगारपत्रकं करणाऱ्यांचा) १३१०२, टीअर ३, तोही चालतो. पदाचं नाव काहीही असो, रोज करता काय ते बघतात. नुसती बिलं चढवत असाल तर क्लार्क. ट्रायल बॅलन्सपर्यंत पुस्तकं तुम्हीच नेत असाल तर बुककीपर, मग कार्डावर ‘असिस्टंट’ छापलेलं का असेना. (ऑफर लेटर विकणारे भेटतील. मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एन्ट्रीत ऑफरचे गुणच बंद झालेत, तेव्हा पैसे घालवू नका.)

आता पगार. मला पहिली नोकरी तासाला १९ कॅनेडियन डॉलरवर मिळाली, तीही बिलं चढवायचीच. आज तासाला २४ धरले आणि आठवड्याचे साडेसदतीस तास, तर वर्षाला ४६,८०० होतात. टॅक्स, सीपीपी (पेन्शनची वर्गणी), ईआय (बेकारी विमा) कापून महिन्याला ३,१०० च्या आसपास हातात येतात. टोरांटोच्या आसपास एका बेडरूमच्या भाड्यातच त्यातले निम्म्याहून जास्त जातात. रुपयांत गुणाकार करून खूश होऊ नका.

टॅलीचं नाव इथे फारसं कुणाला माहीत नाही. क्विकबुक्स आणि सेज ही इथली अकाउंटिंग सॉफ्टवेअर शिकून या. डेबिट-क्रेडिट तेच आहे, आठवड्याभरात हात बसतो. खरा अभ्यास पेरोल आणि एचएसटीचा (आपल्या जीएसटीसारखा इथला कर). बिलं आता सॉफ्टवेअरच स्कॅन करून वाचतं, त्यामुळे नुसत्या एन्ट्रीची कामं कमी होत चाललीत.

मुलाखतीत डिग्रीबद्दल मला कुणी विचारलं नाही. बँक स्टेटमेंट आणि लेजर हातात देऊन म्हणाले, जुळवा. फरक येत होता २७ डॉलरचा. दोन आकडे उलटसुलट चढले की फरकाला नऊने भाग जातो, म्हणून तशी अदलाबदल शोधायला लागलो: ६३ चा चेक ३६ म्हणून चढवलेला होता. आपल्याकडच्या जुन्या हेडक्लार्कांनी शिकवलेली युक्ती तिथे कामाला आली.

लहान टॅक्स ऑफिसं हंगामापुरती माणसं घेतात. टी-४ स्लिपा (आपल्या फॉर्म १६ सारख्या पगाराच्या) फेब्रुवारीअखेर द्यायच्या असतात आणि वैयक्तिक रिटर्न ३० एप्रिलपर्यंत, म्हणून अर्ज डिसेंबरातच टाकायचे. मी मार्चमध्ये आलो आणि तो हंगाम हुकलो.

आजच्या आज करायचं ते एकच. अनुभवाचा पुरावा म्हणून सध्याच्या साहेबांकडून लेटरहेडवर पत्र घ्या: कामांची यादी, आठवड्याचे तास, पगार, तारखा. राजीनामा दिल्यावर तेच साहेब फोन उचलत नाहीत.