ट्रॅव्हलरवर सोलर बसवताना हिशोब बामणोलीच्या पावसाचा धरा

तुमची जुनी फोर्स ट्रॅव्हलर, तिच्यात राहून-झोपून फिरायचंय, राहणं सांगलीत, फिरणारी माणसं तीन. फ्रिज, पंखा, दिवे, लॅपटॉपवर रोजचं काम आणि जमलं तर इंडक्शन. दुकानदाराने १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते ती आम्लाची, आणि ५४० वॅटचं एक पॅनेल सुचवलंय, ते घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. पॅनेलबद्दल माझा फार आक्षेप नाही. ती बॅटरी मात्र गाडीत नकोच.

आधी रोजचा खर्च मांडा. चाळीसेक लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला साधारण ४०० वॉट-तास खातो. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅटचा, आठ तास चालला तर २४०. लॅपटॉप तीन तास म्हणजे १८०. दिवे आणि मोबाईल मिळून १००. बेरीज ९२०, वाटेतली गळती धरून १०००. म्हणजे रोज एक युनिट. इंडक्शन यात बसत नाही. दोन वेळचा स्वयंपाक त्यावर केला की खर्च जवळपास दुप्पट होतो आणि बॅटरीतून एकदम दीडशे अँपिअर ओढले जातात. गॅस ठेवा, खिडकी उघडी ठेवून वापरा, विषय संपला.

आता हे एक युनिट येणार कुठून? इथेच आपल्या भागाचा विचार करावा लागतो. माण-खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात ४०० वॅटच्या पॅनेलमधून चांगल्या दिवशी दीड युनिट सहज निघतं. तुमची गरज भागून वर उरतं. पण जुलैत तीच गाडी डोंगरातल्या भर पावसात बामणोलीला, तापोळ्याला किंवा कोयनानगरला नेली तर? माणमध्ये वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर, आणि दोन्ही एकाच सातारा जिल्ह्यात. धुक्यात आणि सततच्या ढगात त्याच पॅनेलमधून पाव युनिट निघालं तरी पुष्कळ. अशा वेळी छतावर आणखी दोन पॅनेल चढवून काही साधत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की पॅनेलच्या आधी डीसी-टू-डीसी चार्जरचे पैसे बाजूला काढा. ३० अँपिअरचा चार्जर गाडी चालू असताना अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या वीज-जनित्रावरून, फ्रिज-पंख्याची वेगळी बॅटरी भरतो. सांगलीहून कासमार्गे बामणोलीला पोचेपर्यंत तीन तास तरी इंजिन चालतंच. तेवढ्यात ९० एएच, म्हणजे एक युनिटच्या वर आत येतं, पाऊस असो नसो. इंजिनाची आणि ही अशा दोन बॅटऱ्या नुसत्या रिलेने (आपोआप जोडणाऱ्या स्विचने) जोडून देतो म्हणणारे भेटतील, पण मी खाली सुचवतोय ती लिथियम बॅटरी रिकामी असताना अल्टरनेटरवर मोठा भार टाकते आणि तो तापून जळू शकतो. चार्जर तो भार बांधून ठेवतो. तुमच्या गाडीचा अल्टरनेटर किती अँपिअरचा आहे ते त्याच्यावरच्या पट्टीवर बघून घ्या.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्ट, २०० एएच, बीएमएससकट (बॅटरीला जपणाऱ्या सर्किटसकट). साठा अडीच युनिट. त्यातलं दोन वापरायला धरा, म्हणजे पावसात एका जागी दोन दिवस निघतात. ट्यूब्युलर १५० एएचची असली तरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य भराभर घटतं. म्हणजे हाती जेमतेम ९०० वॉट-तास, वजन पन्नास किलोच्या वर. शिवाय चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. तुम्ही तिघं ज्या बंद डब्यात झोपणार तिथे तो वायू आणि कुंभार्ली घाटाच्या वळणांवर हिंदकळणारं आम्ल, दोन्ही नको.

पॅनेल माझ्या मते २०० वॅटची दोन घ्या आणि समांतर जोडा. ५४० वॅटचं एकच पॅनेल सव्वादोन मीटर लांब आणि २८ किलोच्या आसपास असतं. त्याने छतावर हवेच्या झरोक्याला जागा सोडणं अवघड होतं. आणि गाडी झाडाखाली लावली की फांदीची सावली एका छोट्या पॅनेलवर पडली तरी दुसरं चालू राहतं. छतापासून दोन-तीन सेंटिमीटर फट ठेवा, खालून वारं खेळलं पाहिजे, कारण पॅनेल तापलं की उत्पादन घटतं. छताला चिकटवायची लवचिक पॅनेल घेऊ नका. पॅनेल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर ३० अँपिअरचा, एमपीपीटी प्रकारचा (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा). त्यात लिथियमचं सेटिंग निवडा आणि इक्वलायझेशन (आम्लाच्या बॅटरीसाठीचं जादा व्होल्टचं चार्जिंग) बंद आहे ना ते डोळ्यांनी बघा. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल.

वायरिंगवर मात्र कुणाचंही ऐकून काटकसर करू नका. १००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर ९० अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याला २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, लांबी कमीत कमी, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात १२५ अँपिअरचा डीसी फ्यूज. घरातला एसीचा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) इथे चालत नाही. एसीत प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती तशीच जळत राहते. लग, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कड्या, हायड्रॉलिक प्रेसनेच दाबून घ्या. काम झालं की इन्व्हर्टरवर मिक्सर दोन मिनिटं चालवा, तो बंद करा आणि प्रत्येक लगवर बोट टेकवा. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तो कापून नवा दाबा. लाकडाच्या कपाटामागे आग लागते ती अशाच सैल जोडातून. हे काम घाईत उरकणाऱ्या कारागिराकडून करवून घेऊ नका, तुमची मुलगी त्याच कपाटाशेजारी झोपणार आहे.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी वीज देणारा) घ्या आणि वापर नसेल तेव्हा बटणाने बंद करा. नुसता चालू ठेवला तरी १०-१५ वॅट खातो, दिवसाचे तीनशे वॉट-तास असेच जातात. लॅपटॉपला टाइप-सी चार्जिंग असेल तर १२ व्होल्टचा चार्जर घ्या, मग इन्व्हर्टर लागेल फक्त मिक्सरला.

छताला भोक पाडण्याआधी आरटीओत आणि विमावाल्यांकडे विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीतल्या फेरफाराला बंधनं आहेत. आणि गळीत हंगामात गाडी कारखान्याच्या आसपास उभी असेल तर पॅनेलवर चिमणीची काजळी बसते. ती कोरड्या फडक्याने पुसू नका, काचेवर ओरखडे येतात. सकाळी काच थंड असताना पाणी ओतून मऊ कापडाने काढा.