ऐच्छिक माहितीचे शेवटचे पान: तो कागद कोणाच्या टेबलावर जातो?

तुमची अडचण थोडक्यात अशी आहे, की एका अमेरिकन कंपनीच्या पुण्यातील कार्यालयासाठी अर्ज भरताना शेवटच्या पानावर लिंग, वंश, दिव्यांगत्व आणि सैन्यसेवा यांविषयी माहिती विचारली आहे, ती ऐच्छिक असल्याचेही तिथेच लिहिले आहे, आणि डाव्या कानाला लहानपणापासून जवळजवळ ऐकू येत नसल्यामुळे तिथे काय लिहावे हे तुम्हाला ठरवता येत नाही. वडील म्हणतात की असले काही लिहिले की अर्ज बाजूला पडतो. मैत्रीण म्हणते की 'हो' लिहिले की कोट्यातून लगेच बोलावणे येते. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत आणि नंतर एका बहुराष्ट्रीय कंपनीत मनुष्यबळ विभागात काम केल्यामुळे असे अर्ज भरून आल्यावर त्यांचे पुढे काय होते हे मी पाहिले आहे, आणि माझ्या मते दोघांचाही अंदाज चुकतो आहे. दोघेही प्रश्न काय विचारला एवढेच पाहत आहेत. खरे पाहायचे ते हे, की उत्तर लिहिलेला कागद पुढे कोणाकडे जातो.

दोघांचा गैरसमज होणे साहजिक आहे. आपल्याकडे अर्जात असा रकाना दिसला की तो आरक्षणाचा, हे डोक्यात पक्के बसलेले असते. जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातून आणलेले दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, हे सगळे आपण निवड ठरवणाऱ्यालाच दाखवतो आणि त्यावर जागा ठरते. सरकारी भरतीत ते योग्यच आहे. खासगी कंपनीच्या त्या शेवटच्या पानाचे काम मात्र निराळे असते. तिथे तुमच्या उत्तराने तुमची निवड ठरत नाही. कंपनीकडे किती प्रकारचे लोक अर्ज करतात, त्यांतील किती जण निवडले जातात आणि कोणत्या पायरीवर कोण गळते, याची मोजदाद त्यातून होते.

अशी मोजदाद करण्याची कल्पना कोल्हापूरकरांना परकी वाटण्याचे कारण नाही. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा जो आदेश काढला, तो आपल्या सर्वांना माहीत असतो. परंतु त्याच आदेशात प्रत्येक खातेप्रमुखाने आदेशानंतर केलेल्या सर्व नेमणुकांचे पत्रक दर तिमाहीला पाठवावे असेही बजावले होते, याचा उल्लेख फारसा होत नाही. आदेश निघाला तरी खात्याखात्यांत काय चालले आहे हे आकड्यांवाचून कळणार नाही, हे दरबाराने ओळखले होते. फरक एवढाच, की तिथे कचेरीतील मागासवर्गीयांचे प्रमाण कमी भरले तर पुढची नेमणूक मागासवर्गीयाला देण्याचे बंधन होते, आणि तुमच्या अर्जातील पानाला तसे बंधन जोडलेले नाही.

आता ते पान आले कुठून ते पाहू. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि मूळ राष्ट्र यांवरून नोकरीत भेदभाव करण्यास बंदी घातली, आणि शंभर किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांना आपल्या कर्मचाऱ्यांची लिंग व वंशनिहाय आकडेवारी दरवर्षी सरकारला द्यावी लागते. सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांवर १९७३ च्या कायद्याने दिव्यांगांबाबत आणि १९७४ च्या कायद्याने माजी सैनिकांबाबत आणखी जबाबदारी टाकली. याच कंत्राटदारांवर वंश आणि लिंग यांबाबत जबाबदारी टाकणारा १९६५ चा अध्यक्षीय आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला, त्यामुळे काही कंपन्यांच्या अर्जांतून काही प्रश्न गळाले आहेत. मात्र दिव्यांग आणि माजी सैनिक यांच्याविषयीचे ते दोन्ही कायदे संसदेने केलेले असल्याने त्या आदेशाबरोबर गेले नाहीत. हे सगळे कायदे तिकडच्या नोकऱ्यांसाठी आहेत. पुण्यातील जागेसाठी तेच पान समोर येते, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की कंपनी जगभर अर्जासाठी एकच संगणकप्रणाली वापरते.

म्हणून त्यातील काही रकाने आपल्याला फसवतात. वंशाच्या यादीत 'अमेरिकन इंडियन' असा पर्याय दिसतो, आणि 'इंडियन' शब्द पाहून आपली मुले त्यावर खूण करून मोकळी होतात. तो पर्याय अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांसाठी आहे. भारतीय उपखंडातील माणूस त्या वर्गीकरणात 'आशियाई' ठरतो. माजी सैनिकाचा रकानाही अमेरिकी सैन्यात सेवा केलेल्यांसाठी आहे. आपल्या जिल्ह्यात गावोगावी माजी सैनिक आहेत आणि त्यांतील कित्येक जण नोकरीसाठी अर्ज करतात, परंतु भारतीय सैन्यातील सेवा ही बायोडाट्यात ठळकपणे लिहायची गोष्ट आहे, त्या रकान्यात नव्हे.

दिव्यांगत्वाचा प्रश्न तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे, म्हणून तो नीट उलगडून सांगतो. अमेरिकी सरकारने ठरवून दिलेल्या त्या पानावर, म्हणजे सीसी-३०५ या फॉर्मवर, तीनच पर्याय असतात: मला दिव्यांगत्व आहे किंवा पूर्वी होते, नाही आणि पूर्वीही नव्हते, मला उत्तर द्यायचे नाही. वर उदाहरणांची यादी असते आणि तीत अंधत्व, बहिरेपणा यांच्या जोडीला मधुमेह, कर्करोग, अपस्मार आणि मानसिक आजारही असतात. टक्केवारी कोणी विचारत नाही आणि प्रमाणपत्रही मागत नाही. आपला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मानतो, सरकारी नोकरीतील चार टक्के आरक्षणासाठी किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असावे लागते, आणि श्रवणदोषाच्या व्याख्येत दोन्ही कानांची श्रवणहानी किमान साठ डेसिबल धरली आहे. तुमचा उजवा कान चांगला असल्यामुळे तुमच्या प्रमाणपत्रावर चाळीसपेक्षा कमी टक्के आले, ते या हिशेबाने. याचा अर्थ असा, की आपल्या सरकारी भरतीत तुम्हाला दिव्यांग म्हणून आरक्षण मिळणार नाही, पण या पानावर तुम्ही 'हो' लिहिले तर त्यात खोटे काहीच नाही.

मैत्रिणीने ज्याला कोटा म्हटले, ती गोष्ट याच फॉर्मवर छापलेली असते: कंत्राटदार कंपनीच्या कर्मचाऱ्यांत किमान सात टक्के दिव्यांग असावेत असे उद्दिष्ट. ती राखीव जागा नव्हे. 'हो' लिहिणाऱ्या उमेदवाराला त्यामुळे मुलाखतीचे बोलावणे येत नाही. वडिलांच्या भीतीचे उत्तरही तिथेच आहे, कारण निवडीचा निर्णय घेणाऱ्यांना हे उत्तर दाखवले जाणार नाही असे फॉर्ममध्ये स्पष्ट सांगितलेले असते. मोठ्या कंपन्यांच्या प्रणालीत ही उत्तरे बायोडाट्यापासून वेगळी साठवली जातात.

मी हे मोठ्या कंपन्यांपुरतेच म्हणतो आहे. शिरोली किंवा कागलच्या एखाद्या लहान कारखान्यात अर्जाच्या पहिल्याच पानावर नाव, जात, धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय असे रकाने असतात आणि तो कागद थेट मालकाच्या किंवा मॅनेजरच्या टेबलावर जातो. तिथे वर 'समान संधी' असे छापलेले असले तरी ती ऐच्छिक माहिती नव्हे. अशा ठिकाणी कामाशी संबंध नसलेले रकाने मोकळे सोडावेत, आणि कोणी विचारलेच तर रुजू होताना कागदपत्रांत सगळे देईन असे नम्रपणे सांगावे, हा माझा सल्ला आहे. वर्डची फाइल ईमेलने पाठवून तीच भरून परत मागणारी कंपनी मोठ्या नावाची असली तरी मी तिला याच गटात धरीन. जातीबद्दल विचारायचे तर खासगी नोकरीत जातीवर आधारित आरक्षण कायद्याने नाही. काही कंपन्या आपल्या धोरणासाठी अनुसूचित जाती-जमातींची नोंद स्वेच्छेने मागतात, आणि तिथेही कसोटी तीच, कागद कुठे जातो. एचआयव्हीविषयी मात्र २०१७ च्या कायद्याने नोकरीसाठी ती चाचणी सक्तीची करण्यास मनाई केली आहे, त्यामुळे तो प्रश्न कुठेही दिसला तर उत्तर देऊ नये.

(जाता जाता एक गंमत सांगतो. शेवटच्या पानावर लिंग लिहावे की नाही यावर रात्रभर विचार करणाऱ्या उमेदवाराने बायोडाट्यात फोटो, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती आणि रक्तगट हे सगळे आधीच छापलेले असते, आणि तो बायोडाटा निवड करणाराच वाचतो. आधी तिथली सफाई करा.)

तुमच्या बाबतीत मला जास्त काळजी वाटते ती मुलाखतीची. शेवटच्या पानावर 'हो' लिहिले म्हणजे आपल्या कानाची गोष्ट कंपनीला कळली, आता मुलाखतीत ते सांभाळून घेतील, असे बहुतेकांना वाटते. तसे होत नाही, कारण ते पान मुलाखत घेणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. तुम्हाला सोय हवी असेल तर ती वेगळी मागावी लागते. मुलाखतीची तारीख कळवणारा ईमेल येईल त्यालाच उत्तर द्या आणि एवढेच लिहा, की मला एका कानाने ऐकू येत नाही, व्हिडिओवर मुलाखत असेल तर बोललेले लेखी दाखवणारी सुविधा चालू ठेवावी, आणि प्रत्यक्ष मुलाखत असेल तर प्रश्न विचारणारे माझ्या उजव्या बाजूला बसतील अशी व्यवस्था व्हावी. वैद्यकीय इतिहास सांगत बसू नका, माफीच्या सुरात लिहू नका आणि प्रमाणपत्र मागितल्याशिवाय जोडू नका. २०१६ च्या कायद्यानुसार खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण करावे लागते, आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठीच्या सोयी त्यात नमूद करून एक संपर्क अधिकारी नेमायचा असतो. संबंधित कंपनीच्या संकेतस्थळावर हे धोरण सापडले तर ईमेल करण्यापूर्वी वाचून घ्या.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, की दुसऱ्या एका कंपनीच्या अर्जात घाबरून 'नाही' लिहून बसलात, त्याचे काय करायचे. त्या पानावर 'उत्तर द्यायचे नाही' हा पर्याय होता, आणि मनात शंका असेल तेव्हा तोच निवडायचा असतो, कारण ते खोटे उत्तर ठरत नाही. तरीही जे झाले त्याने फार बिघडलेले नाही. बऱ्याच प्रणालींमध्ये उमेदवाराच्या खात्यात जाऊन हे उत्तर बदलता येते. तिथे बदलता आले नाही तर रुजू झाल्यावर हाच फॉर्म पुन्हा भरायला मिळतो. रुजू होताना ज्या वैद्यकीय घोषणापत्रावर 'वरील सर्व माहिती खरी आहे' असे लिहून तुमची सही घेतली जाते, ते मात्र ऐच्छिक नसते. तिथे श्रवणाविषयी थेट प्रश्न असेल तर खरे तेच लिहा आणि सही केलेल्या पानाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.