वाचक विचारतात : सरळ शॉटच का चुकतो?

(प्रश्न पूलचे आहेत, म्हणजे टेबलवर क्यू या लांब काठीने बॉल मारण्याच्या खेळाचे. उत्तरं उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून दिली आहेत. डावखुऱ्यांनी उजवं-डावं उलटं वाचावं.)

प्रश्न : जवळचे बॉल मी सहज पॉकेट करतो (टेबलच्या कडेच्या भोकात टाकतो). पण क्यू बॉल (क्यूने मारायचा पांढरा बॉल) आणि ऑब्जेक्ट बॉल (त्याच्या धडकेने पॉकेटमध्ये घालायचा बॉल) यांच्यात मीटरभर अंतर पडलं की अगदी सरळ शॉटही हुकतो. नेम चुकतो की हात?

सरळ शॉटमध्ये नेम धरण्यासारखं फारसं नसतंच, तेव्हा हात. हिशेब करून बघा. तुमचा क्यू बॉल रेषेपासून फक्त अर्धा अंश भरकटतो असं समजू. ऑब्जेक्ट बॉल ३० सेंटीमीटरवर असेल, तर धडक साधारण अडीच मिलिमीटर बाजूला लागते आणि तो बॉल अडीच अंशांनी तिरका निघतो. तिथून पॉकेट अर्धा मीटर दूर असेल, तर पॉकेटच्या मध्यापासून सुमारे सव्वादोन सेंटीमीटर चुकतो. कोपऱ्याचं पॉकेट तेवढं पोटात घालतं. हाच अर्धा अंश एक मीटरवर घ्या. धडक जवळपास नऊ मिलिमीटर सरकते, बॉल नऊ अंशांनी तिरका जातो आणि पॉकेटपाशी साडेसात सेंटीमीटरहून अधिक चुकतो. म्हणजे जवळच्या शॉटवरही तुमचा स्ट्रोक (क्यूचा फटका) तितकाच वाकडा असतो, फक्त तिथे तो लपून जातो.

दोष कुठला हे शोधायला टेबलच्या मधल्या रेषेवर एकटा क्यू बॉल ठेवा आणि तो समोरच्या आखूड कुशनवरून (टेबलच्या काठाच्या रबरी पट्टीवरून) परत येईल एवढ्या वेगाने, बरोबर मध्यावर मारा. मारल्यावर क्यू आहे तिथेच राहू द्या. बॉल परत येऊन टिपला (क्यूच्या पुढच्या टोकाला) लागायला हवा. कुशनपर्यंत जातानाच तो रेषा सोडत असेल, तर क्यूची दिशाच चुकली आहे. जाताना सरळ आणि येताना बाजूला पडत असेल, तर दिशा ठीक आहे, पण टिप मध्यावर न लागल्याने साइड स्पिन (बाजूची फिरकी) मिळाला आहे. उजवीकडे परतला तर टिप उजवीकडे लागली. दहा वेळा मारा आणि दर वेळी काय झालं ते लिहून ठेवा, कारण आठवणीत फक्त चांगले शॉट राहतात.

प्रश्न : पाय नेमके कुठे ठेवायचे? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

वेगळं सांगतात, कारण उंची आणि कंबर प्रत्येकाची वेगळी. पण क्रम सगळ्यांना सारखाच लागू आहे, आणि जास्त चुका क्रमातच होतात.

आधी सरळ उभे राहा, बॉलपासून दोन पावलं मागे, तोंड शॉटच्या रेषेकडे. रेषा ठरली की उजवा पाय तिच्यावर किंवा अगदी लागून ठेवा, चवडा ३० ते ४५ अंश बाहेर वळवून. मग डावा पाय अर्धं पाऊल पुढे आणि डावीकडे. दोन पायांत खांद्यांएवढं अंतर. आता कंबरेतून वाका. डावा गुडघा थोडा वाकेल, उजवा पाय सरळ राहील. डोकं मात्र रेषेवरच खाली यायला हवं. बाजूने येऊन रेषेवर सरकलं, तर डोळ्यांना रेषा एक आणि खांद्याला दुसरी दिसते.

खाली गेल्यावर काहीतरी तिरकं वाटलं की बरेच जण तिथेच नितंब हलवतात किंवा मनगट वळवून टिप जागेवर आणतात. असं करू नका; उठा आणि पुन्हा उभ्यापासून सुरू करा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय नाही.

तोल तपासायला ब्रिजचा हात (टेबलवर टेकवून क्यूला पुढे आधार देणारा) टेबलवरून क्षणभर उचला. पुढे कोसळत असाल, तर वजन पायांऐवजी हातावर आहे. क्यू कंबरेला घासत असेल, तर उजवा चवडा आणखी बाहेर वळवा, कंबर आपोआप बाजूला होते.

प्रश्न : हनुवटी क्यूच्या बरोबर वर हवी ना?

क्यू हनुवटीच्या मध्याखाली असलाच पाहिजे असं नाही. कुणाला तो एका डोळ्याखाली आल्यावर सरळ दिसतो, कुणाला दोन डोळ्यांच्या मध्ये. अगदी सरळ शॉट लावा, खाली जा आणि डोकं एकेक सेंटीमीटर डावी-उजवीकडे सरकवत बघा. दोन्ही बॉल आणि पॉकेट खरोखर एका रेषेत दिसतील ती जागा तुमची. मग ती कधीही बदलू नका.

प्रश्न : जोरात मारताना टिप खाली घसरते आणि क्यू बॉल उडतो. पकड घट्ट करूनही फरक नाही.

घट्ट केल्यानेच होतंय. हाताची मूठ पूर्ण आवळली की मनगट आखडतं. मग हात मागे नेताना क्यूचा बुंधा वर उचलला जातो आणि ब्रिजच्या पलीकडे टिप खाली जाते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत क्यू अडकवा, बाकीची दोन बोटं मागे जाताना उघडू द्या. टूथपेस्टची उघडी ट्यूब हातात आहे आणि पेस्ट बाहेर येऊ द्यायची नाही, एवढीच पकड. शेवटच्या क्षणी अचानक आवळणं तर सुरुवातीपासून घट्ट धरण्यापेक्षाही वाईट.

दुसरं कारण, हात धरण्याची जागा. टिप बॉलजवळ असताना कोपरापासून मनगटापर्यंतचा हात उभा, जमिनीला काटकोनात हवा. हात कोपराभोवती लंबकासारखा फिरतो, आणि उभा असताना त्याच्या झोक्याचा तळ येतो. तिथे क्यू सर्वांत समतल चालतो. तुम्ही फार पुढे धरत असाल, तर बॉलला लागेपर्यंत हात तळ ओलांडून वर चढत असतो, आणि बुंधा वर म्हणजे टिप खाली. फार मागे धरलं तर उलट, टिप वर जाते. मोबाइल बाजूला ठेवून एक व्हिडिओ काढा. आरशापेक्षा तो जास्त खरं सांगतो. मागून काढलेल्या व्हिडिओत खांदा, कोपर, मनगट आणि क्यू एकाच उभ्या पातळीत दिसतात का, तेही बघा. कोपर बाहेर फाकलेला असेल, तर हात क्यूला तिरका ओढतो.

प्रश्न : टिप बॉलला लागून सुटल्यावर क्यू पुढे नेऊन काय फायदा?

बॉलवर थेट काही परिणाम नाही, कारण टिप आणि बॉलचा स्पर्श सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाएवढाच असतो. पण क्यू १०-१५ सेंटीमीटर सहज पुढे जात असेल, तर हाताने आधीच ब्रेक लावला नव्हता हे कळतं. हात आखडणारे बॉलला लागण्यापूर्वीच वेग कमी करतात आणि त्याच वेळी क्यू वळतो. जोर कमी-जास्त करायचा तो हात किती मागे न्यायचा यावरून ठरवा. ब्रिजपासून बॉलचं अंतर २० ते २५ सेंटीमीटर ठेवा. पूर्ण शॉटला टिप ब्रिजच्या बोटांपर्यंत मागे यावी, हळू शॉटला निम्म्यातच थांबावी.

प्रश्न : मारताना नजर कुठल्या बॉलवर?

तीन-चार सराव-झोके देताना दोन्हीकडे बघा. मग टिप बॉलपासून सेंटीमीटरभर थांबवून ती ठरवलेल्या जागी आहे ना ते तपासा, नजर ऑब्जेक्ट बॉलवर न्या आणि तिथेच ठेवा. त्यानंतर सावकाश मागे, क्षणभर विसावा, मग पुढे. मागे घाईने गेलेला क्यू पुढे येताना झटकाच देतो.

प्रश्न : घरी टेबल नाही. सराव कसा करू?

रिकामी बाटली जेवणाच्या टेबलवर आडवी ठेवा, तोंड तुमच्याकडे. तोंडाबाहेर २० सेंटीमीटरवर ब्रिज ठेवून टिप बाटलीत आत-बाहेर करा, कडेला न लागता. टिप साधारण १३ मिलिमीटरची असते, बाटलीचं तोंड त्याहून थोडंच मोठं. चुकलात तर टक् असा आवाज येईल. आधी सावकाश, नंतर खऱ्या शॉटच्या वेगाने, रोज पाच मिनिटं. क्यू नेहमी डावीकडेच लागत असेल, तर बाटली सरकवू नका, उजवा पाय सरकवून बघा.