वाचकांचे प्रश्न : मुलांचा रक्तदाब, रक्ततपासण्या आणि धमन्यांचे आरोग्य

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. शाळेतील आरोग्य तपासणीत त्याचा रक्तदाब १३६/८४ निघाला, म्हणून दुसऱ्याच दिवशी आम्ही स्वतःहून त्याचे रक्त तपासून घेतले. अहवालात सीआरपी ७ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर ३.१ आहे. हे आकडे धमन्यांमधील दाहाचे लक्षण असल्याचे आम्ही वाचले. त्या आठवड्यात त्याला सर्दी-खोकलाही होता. त्याच्या धमन्या खराब होऊ लागल्या असतील का?

उत्तर : सर्दी-खोकल्याचा उल्लेख आपण शेवटी आणि जाता जाता केला आहे, पण हा अहवाल वाचताना मी तिथूनच सुरुवात करीन. सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन आहे आणि साध्या संसर्गातही ते एक-दोन दिवसांत कित्येक पटींनी वाढते. हृदयविकाराचा धोका ठरवण्यासाठी १ पेक्षा कमी, १ ते ३ आणि ३ पेक्षा जास्त अशा ज्या पायऱ्या वापरल्या जातात, त्या प्रौढांसाठी आहेत; तिथेही व्यक्ती पूर्ण बरी असताना, साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मगच त्यांचा विचार करायचा असतो. पांढऱ्या पेशींच्या गुणोत्तराचेही तसेच आहे. संसर्ग, ताण, अपुरी झोप किंवा स्टिरॉइडचे औषध यांपैकी कशानेही ते वर जाते. त्यामुळे आपल्या मुलाचे हे दोन्ही आकडे त्याच्या सर्दीबद्दल बोलत असण्याचीच शक्यता जास्त आहे आणि त्यांवरून धमन्यांविषयी काहीही निष्कर्ष काढता येणार नाही.

मग संशोधक या आकड्यांच्या मागे का लागले आहेत, असे आपण विचाराल. धमनीच्या आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करून धमनीला सैल ठेवते. वाढलेला दाब, जास्तीची चरबी आणि इन्शुलिनला मिळणारा अपुरा प्रतिसाद यांमुळे हे अस्तर नीट काम करेनासे होते, पांढऱ्या पेशी त्याला चिकटू लागतात आणि भिंतीत मंद दाह सुरू राहतो. कालांतराने भिंतीतील लवचीक तंतूंचे प्रमाण घटते, ताठर तंतूंचे वाढते आणि धमनी कडक होते. कडक धमनीमुळे रक्तदाब आणखी वाढतो, म्हणजे एक दुष्टचक्रच तयार होते. प्राथमिक उच्च रक्तदाब (म्हणजे ज्यामागे दुसरा आजार नाही असा) असलेल्या मुलांच्या गटांची निरोगी मुलांच्या गटांशी तुलना केली, तर दाहाचे हे निर्देशक सरासरीने थोडे जास्त आणि धमन्या थोड्या कडक आढळतात. परंतु दोन्ही गटांतील मुलांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की एखाद्या मुलाचा अहवाल हातात घेऊन तो कोणत्या गटातला हे सांगता येत नाही. शिवाय पोटाभोवतीची चरबी स्वतःच सीआरपी वाढवणारी रसायने सोडते, त्यामुळे वजनाचा हिशेब मांडला की हा संबंध अनेकदा बराच फिका पडतो. गटाविषयीचे सत्य एका मुलाच्या माथी मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या पत्रातला खरा महत्त्वाचा आकडा १३६/८४ हा आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १३ वर्षे व त्यापुढील मुलांमध्ये १३०/८० ते १३९/८९ हा पहिल्या पायरीचा उच्च रक्तदाब मानला जातो आणि १४०/९० पासून दुसरी पायरी सुरू होते. मात्र एका मोजमापावर निदान करायचे नसते. एक-दोन आठवड्यांनी, मूल बरे असताना, दाब पुन्हा मोजावा. तरीही तो जास्त असेल तर सुमारे तीन महिन्यांनी तिसऱ्यांदा मोजावा. तिन्ही वेळा जास्त आल्यास २४ तास दंडावर यंत्र बांधून घेतलेली नोंद फार उपयोगी पडते, कारण केवळ दवाखान्यात दाब वाढणारी मुले त्यातून वेगळी काढता येतात आणि झोपेत दाब अपेक्षेप्रमाणे खाली येतो की नाही हेही कळते. (मधल्या काळात डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे किंवा फिट येणे असे काही झाले, तर मात्र तातडीने डॉक्टरांकडे जावे.)

रक्ततपासण्यांची पाळी निदान पक्के झाल्यावर येते. क्रिएटिनिन, युरिया, सोडियम-पोटॅशियम, कोलेस्टेरॉल आणि लघवीची साधी तपासणी या गोष्टी त्या वेळी कराव्यात. वजन जास्त असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर आणि यकृताची एन्झाइम्सही पाहावीत. या यादीत सीआरपी नाही आणि पेशींचे गुणोत्तरही नाही.

प्रश्न : आमच्या तीन वर्षांच्या मुलीचा रक्तदाब दोनदा जास्त आला आहे. तिचे पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर मात्र फक्त ०.६ आहे. याचा अर्थ धमन्या सुरक्षित आहेत असा घ्यावा का?

उत्तर : तसा अर्थ घेऊ नये. साधारण चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत मुलांच्या रक्तात लिम्फोसाइट पेशींचेच प्रमाण जास्त असते, त्यामुळे या वयात हे गुणोत्तर एकपेक्षा कमी असणे स्वाभाविक आहे. इतक्या लहान वयात दाब खरोखरच जास्त असेल, तर त्यामागे दुसरा आजार असण्याची शक्यता मोठ्या मुलांपेक्षा बरीच अधिक असते. मूत्रपिंडाचा विकार, मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी अरुंद होणे आणि महाधमनीचा जन्मजात अरुंदपणा ही त्यांतली नेहमी शोधावी लागणारी कारणे. तिच्या पायातील दाब हातापेक्षा कमी आहे का, मांडीच्या सांध्यातील नाडी नीट लागते का, हे पाहण्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि मूत्रपिंडाची सोनोग्राफी करून घ्यावी. हे काम लांबणीवर टाकू नये.

प्रश्न : माझ्या ११ वर्षांच्या मुलीला उच्च रक्तदाब असल्याचे निदान झाले आहे. मानेतील धमनीच्या भिंतीची जाडी आणि नाडीच्या लहरीचा वेग मोजून घ्यावा असे आम्हाला सुचवण्यात आले आहे. या तपासण्या आवश्यक आहेत का?

उत्तर : दोन्ही तपासण्या निरुपद्रवी आहेत. पहिलीत सोनोग्राफीने मानेतील धमनीच्या आतील दोन थरांची एकत्रित जाडी मोजतात. दुसरीत नाडीची लहर मानेपासून मांडीपर्यंत किती वेगाने जाते हे पाहतात. रबरी नळीपेक्षा लोखंडी नळीतून धक्का लवकर पोहोचतो, तसा कडक धमनीतून लहरीचा वेग वाढतो.

अडचण आहे ती आकड्यांच्या अर्थाची. मुलांमध्ये या भिंतीची जाडी साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते, त्यामुळे ज्या फरकावरून काही ठरवायचे तो मिलिमीटरच्या काही शतांशांचा असतो. तपासणाऱ्याचा हात किंवा यंत्र बदलले तरी तेवढा फरक पडू शकतो. वय आणि उंचीनुसार अपेक्षित मूल्येही बदलतात. त्यातही मुलांमधील जाडी म्हणजे चरबीचा थर असे समजण्याचे कारण नाही. वाढलेला दाब पेलण्यासाठी भिंतीतला स्नायूंचा थर जाड झाल्यानेही तीच नोंद येते. म्हणूनच संशोधनात मोलाच्या ठरलेल्या या तपासण्या नेहमीच्या उपचारात सर्व मुलांसाठी सुचवल्या जात नाहीत.

दाबाचा शरीरावर झालेला परिणाम पाहायचाच असेल, तर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, अधिक उपयोगाचा आहे. औषध सुरू करण्याचा विचार होतो तेव्हा तो करून हृदयाच्या डाव्या जवनिकेची (खालच्या डाव्या कप्प्याची) भिंत जाड झाली आहे का ते पाहतात आणि त्या उत्तरावरून उपचारांचा जोर ठरवता येतो.

प्रश्न : १५ वर्षांच्या मुलाचे युरिक अ‍ॅसिड ७.२ असून रक्तदाबही जास्त आहे. युरिक अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळ्यांनी रक्तदाब उतरतो असे ऐकले. त्या सुरू कराव्यात का?

उत्तर : आपण ऐकले त्याला आधार आहे. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नुकताच उच्च रक्तदाब आढळलेल्या ३० किशोरवयीन मुलांना युरिक अ‍ॅसिड कमी करणारे अ‍ॅलोप्युरिनॉल आणि औषध नसलेली नकली गोळी असे दोन्ही आळीपाळीने दिले गेले. अ‍ॅलोप्युरिनॉल चालू असताना ३० पैकी २० मुलांचा दाब सामान्य झाला, नकली गोळीवर फक्त एकाचा. निष्कर्ष लक्षवेधी होता, यात शंका नाही. पण मुले थोडी होती आणि प्रत्येक औषधाचा काळ केवळ चार आठवड्यांचा होता. शिवाय या औषधाने क्वचित त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया होऊ शकते, त्यामुळे केवळ रक्तदाबासाठी ते मुलांना दिले जात नाही. वयात येताना मुलग्यांचे युरिक अ‍ॅसिड नैसर्गिकरीत्याही वाढते आणि काही मूत्रल (लघवी वाढवणाऱ्या) औषधांनीही ते वाढते, हे डॉक्टरांशी बोलताना लक्षात ठेवावे. साखर घातलेली पेये बंद करणे आणि वजन आटोक्यात आणणे यांमुळे युरिक अ‍ॅसिड आणि दाब दोन्ही उतरण्यास मदत होते, आणि त्यासाठी गोळीची वाट पाहावी लागत नाही.

प्रश्न : एकदा कडक झालेली धमनी पुन्हा लवचीक होते का?

उत्तर : मुलांच्या बाबतीत उत्तर बरेच आशादायक आहे. अमेरिकेतील बोगालुसा येथे १९७० च्या दशकात आणि फिनलंडमध्ये १९८० साली सुरू झालेल्या अभ्यासांनी मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला आहे. अशा चार दीर्घकालीन अभ्यासांची माहिती एकत्र करून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले, की लहानपणी दाब जास्त असूनही मोठेपणी तो सामान्य राहिलेल्या व्यक्तींमध्ये मानेतील धमनी जाड होण्याचा धोका, लहानपणापासून सामान्य दाब असलेल्यांपेक्षा लक्षणीय जास्त नव्हता. ज्यांचा दाब मोठेपणीही जास्तच राहिला, त्यांच्यात मात्र तो धोका वाढलेला होता.

हा बदल घडवण्यात वजनाचा, विशेषतः कमरेच्या घेराचा, वाटा मोठा असतो. नियमित पळणे, पोहणे किंवा सायकल चालवणे यांमुळे धमनीच्या अस्तराचे काम वजन फारसे न उतरताही सुधारू शकते. पहिल्या पायरीचा रक्तदाब असलेल्या आणि हृदयावर परिणाम न झालेल्या मुलांना खेळापासून रोखण्याचे कारण नाही. दुसऱ्या पायरीत मात्र दाब आटोक्यात येईपर्यंत वजने उचलण्यासारखे जोर लावण्याचे प्रकार टाळावेत.

प्रश्न : घरी रक्तदाब मोजताना मोठ्यांचेच यंत्र चालेल का?

उत्तर : यंत्र मुलांसाठी तपासून प्रमाणित केलेले असावे आणि पट्टा मुलाच्या दंडाला साजेसा असावा. पट्ट्यातील फुगणाऱ्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या किमान ४० टक्के आणि लांबी ८० ते १०० टक्के हवी. लहान पट्ट्याने दाब खोटाच जास्त दिसतो. मुलाला तीन ते पाच मिनिटे शांत बसवून, पाठ टेकलेली आणि पाय जमिनीवर ठेवून, उजव्या दंडावर मोजावे आणि त्या वेळी त्याच्याशी बोलू नये. वाढत्या वयात दंडाचा घेर बदलत असल्याने प्रत्येक मोठ्या तपासणीच्या वेळी पट्ट्याचे माप डॉक्टरांकडून पुन्हा पाहून घ्यावे.